नळ कोणी बंद केला

बी.ए.च्या चौथ्या सत्रात आम्हाला दोन क्रेडिटचा एक विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागायचा. आम्ही मास मीडियाचे, त्यामुळे वाणिज्य नाहीतर विज्ञानाच्या यादीतलं काहीतरी निवडणं भाग होतं. फॉर्म डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी अकराला उघडणार होता. जो आधी भरेल त्याला जागा. पावणेअकरापासून आम्ही तिघं घाटकोपरला, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, एका टेबलाभोवती फोन हातात धरून बसलो होतो.

तिघं म्हणजे मी, मुलुंडहून येणारी. माझी मैत्रीण, नाहूरची. आणि आमचा मित्र, जो कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर राहायचा आणि तरीही सगळ्यात उशिरा पोचायचा. त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण का म्हणून विचारलं नाही.

यादीत चार विषय होते. मैत्रिणीने ते मोठ्याने वाचले आणि एकेकाचा निकाल लावला.

"योग आणि आरोग्य. सतरंजीवर आडवं पडायचं, दोन क्रेडिट खिशात."

"सकाळी साडेसातला असतो," मी म्हणाले.

"मग मेला तो विषय. वैयक्तिक अर्थनियोजन?"

"तुझ्याकडे काय आहे नियोजन करायला?"

"म्हणूनच ना, यार. शिकून ठेवू. किरकोळ विक्री व्यवस्थापन, हे नको, माझा काका दुकानात बसतो, मला सगळं माहितीये. आणि रोजच्या जगण्यातले सूक्ष्मजीव. बाप रे."

"मी ते घेतोय," मित्र म्हणाला.

"जंतू?"

"सूक्ष्मजीव."

"अरे, सायन्स नको म्हणून तू दहावीनंतर इकडे पळालास ना? आता परत कशाला चाललायस?"

"यात गणित नाहीये."

"जंतूंचा एवढाच पुळका असेल तर हा घेऊन जा घरी." तिने कॅन्टीनच्या टेबलावर पडलेला फडका दोन बोटांनी उचलून दाखवला. तो मुळात कुठल्या रंगाचा असेल हे सांगता आलं नसतं. "दोन काय, चार क्रेडिट मिळतील."

तो हसला नाही. खुर्ची थोडी मागे घेतली. ती त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायला हात पुढे करत होती, तर त्याने बाटली बॅगेत टाकली.

"हे बघ, हे नवीन," ती मला म्हणाली. "दिवाळीपासून साहेब बाटली देत नाहीत. वरून पिते रे मी, तोंड लावत नाही."

"नको."

"काय नको? आधी आपण एका वडापावचे तीन तुकडे करायचो."

अकरा वाजले. त्याने फॉर्म भरून फोन टेबलावर ठेवला तेव्हा आमची पानं अजून उघडत होती. ती उघडली तोवर अर्थनियोजन भरलं होतं. योगाच्याही जागा संपल्या होत्या, म्हणजे साडेसातला उठणारे लोक आमच्या कॉलेजात होते. मैत्रीण विक्रीच्या नावाने कपाळाला हात लावून बसली. शेवटी आम्ही दोघींनी सूक्ष्मजीव घेतले. तो घेतोय म्हणून नाही, दुसरं घेण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून.

पहिला महिना नुसती व्याख्यानं झाली. मॅडम विज्ञान शाखेच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या विषयाच्या शेवटी तुम्ही जास्त घाबरलात तर माझं शिकवणं फुकट गेलं. दह्यातले, इडलीच्या पिठातले, पोटातले, असे बरेचसे जीव आपल्या उपयोगाचे असतात हे त्या परत परत सांगायच्या. मित्र पहिल्या बाकावर बसून सगळं लिहून घ्यायचा. पण तासानंतर विचारायचा ते प्रश्न वेगळेच असायचे. फोनच्या काचेवर किती वेळ टिकतात? बसच्या दांड्यावर? अंगठीच्या खाली?

"तुला अंगठी कुठेय?" मैत्रीण म्हणाली. "कोणी घातली?"

"जनरल विचारतोय."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, पहिलं प्रात्यक्षिक होतं. तिघांचा एक गट. प्रत्येक गटाला काचेची एक चपटी डिश मिळाली, झाकणासकट, आत चायना ग्रासच्या जेलीसारखा फिकट घट्ट थर. डिशच्या तळाला मार्करने मधोमध रेघ मारायची. डाव्या अर्ध्या भागावर न धुतलेली बोटं हलकेच टेकवायची, मग साबणाने हात धुवून उजव्या भागावर तीच बोटं. दोन दिवस डिश उबेत ठेवली की बोटांवर जे होतं ते वाढून ठिपक्यांच्या रूपाने डोळ्याला दिसतं.

एकाने प्रयोग करायचा, एकाने वेळ मोजायची, एकाने जर्नलमध्ये नोंद करायची. प्रयोग मीच करणार, असं मित्राने आधीच सांगून टाकलं. मैत्रिणीने वेळ मोजायला फोन काढला आणि सवयीने व्हिडिओही सुरू केला. मी लिहायला बसले. सूचनांचा कागद भिंतीवर होता. मी तो समोर ठेवून लिहिलं, "सूचनेप्रमाणे हात धुतले." ते लिहिताना मी बेसिनकडे बघत नव्हते.

गुरुवारी डिश हातात आली. झाकण उघडायला मनाई होती, वरूनच बघायचं होतं. डावीकडे, न धुतलेल्या बोटांखाली, मी बावीस ठिपके मोजले. उजवीकडे साठपर्यंत मोजले आणि थांबले, कारण पुढचे एकमेकांत मिसळले होते.

"उलटी धरलीयेस," मैत्रीण म्हणाली.

उलटी धरली नव्हती. रेघ तळाला होती, अक्षरं स्पष्ट होती.

मित्राने डिश घेतली, खिडकीशी नेली, परत आणून टेबलावर ठेवली आणि वर्गाबाहेर गेला. बॅग तिथेच राहिली.

तो आम्हाला गेटबाहेरच्या चहावाल्याच्या मागे, बंद झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर सापडला. चहा घेतला नव्हता. मैत्रिणीने बॅग त्याच्या शेजारी ठेवली.

"दोन क्रेडिटचा विषय आहे, रे. एवढं काय तोंड पाडायचं?"

"रविवारी उष्टावण आहे," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"ताईच्या मुलीचं. सातवा लागला. मामाने भरवायचं असतं."

"माहितीये. सोन्याच्या अंगठीने खीर. माझ्या मामाने माझ्या वेळी अंगठीच तोंडात सोडली होती. घरचे अजून सांगतात आल्यागेल्याला."

तो हसला नाही, तेव्हा ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग त्याने सांगितलं. बहीण जोगेश्वरीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी पाच आठवडे आधीच झाली, ऑगस्टमध्ये. दोन महिन्यांची असताना त्याला सर्दी झाली. साधी सर्दी. तो कॉलेजातून आला, हातपाय न धुता तिला उचललं, कारण ती रडत होती आणि ताई आंघोळीला गेली होती. तीन दिवसांनी मुलीला श्वास लागला. चार दिवस हॉस्पिटलात होती. नळी लावली होती. मग बरी झाली, घरी आली, आता वजनही चांगलं होतं.

"मग झालं ना?" मी म्हणाले.

"मी दिली तिला सर्दी."

"कोण म्हणालं?"

"कोणीच नाही. तेच तर. घरात कोणी एक शब्द काढला नाही."

त्यानंतर त्याने तिला हात लावला नव्हता. आधी परीक्षा होती, मग सबमिशन, मग हात ओले, मग आत्ताच बाहेरून आलोय. बहीण सासरी परत गेल्यावर सोपं झालं, भेटीच कमी झाल्या. विषयांची यादी आली तेव्हा त्याला वाटलं, हात धुतले की स्वच्छ होतात हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की संपलं. आता डोळ्यांनी उलटंच बघितलं होतं.

"आईला सांगितलंय, माझ्याऐवजी चुलतभावाला बसवा," तो म्हणाला. "ती भाजी निवडत राहिली."

मैत्रीण उठली. "चल."

"कुठे?"

"मॅडमकडे. एवढे ठिपके कुठून आले ते त्यांना नको का विचारायला? मी घातले नाहीत."

मॅडम प्रयोगशाळेतच होत्या. त्यांनी डिश उजेडात धरली, मग माझं जर्नल मागितलं. माझी ओळ मोठ्याने वाचली. "सूचनेप्रमाणे हात धुतले." मग विचारलं, "नळ कोणी बंद केला?"

मी भिंतीवरच्या सूचनांकडे बघितलं.

"कागदाने," मी म्हणाले. सूचनेत तसंच होतं, धुतल्यावर नळ कागदाने बंद करावा.

"कागद होता तिथे?"

मला आठवत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. जे भिंतीवर लिहिलं होतं ते घडलं असणार, असं धरून मी लिहून टाकलं होतं.

"थांबा, मॅडम," मैत्रीण म्हणाली, आणि फोन काढला.

व्हिडिओ मिनिटभराचा होता. आम्ही चौघं त्यावर वाकलो. मित्राने उजव्या हाताने नळ सोडला, हात ओले केले, नळ बंद केला. साबण लावला, वीस सेकंद चोळला, मागून मैत्रिणीचा आकडे मोजण्याचा आवाज. साबणाच्याच हाताने नळ सोडला. हात धुतले. मग नळ बंद केला, आणि तो ठिबकत होता म्हणून पुन्हा पिळून घट्ट केला. आणि तीच बोटं डिशवर टेकवली.

"मधे नळ बंद का केलास?" मॅडमनी विचारलं.

"पाणी वाया जातं," तो म्हणाला. झोपताना डोळे का मिटतोस असं कोणी विचारल्यावर जसं उत्तर द्यावं, तसं.

त्याच्या घरी पाणी पहाटे साडेपाचला यायचं आणि सातला जायचं. तेवढ्यात पिंपं, हंडे, बादल्या भरायच्या. वाहता नळ बघत उभं राहणं त्या घरात कुणाला जमलं नसतं. माझ्या घरी टाकीचं पाणी चोवीस तास होतं. मी नळ उघडा ठेवून हात धुते, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम हसल्या. "दरवर्षी दोनतीन गट हे करतात. सवय चांगली आहे, सोडू नकोस. पण त्या नळाला अख्खं कॉलेज हात लावतं. तू हात धुतलेस आणि मग सगळ्या कॉलेजशी हात मिळवून आलास."

"म्हणजे हेच कारण?"

"असेल असं वाटतं. चोळल्यावर कातडीतले थोडे वरही येतात, त्यांचा काही त्रास नसतो. पण मी सांगतेय म्हणून धरून चालू नकोस. परत करून बघ."

एक डिश शिल्लक होती. यावेळी नळ मी सोडला आणि मी बंद केला. मधे तो वाहत राहिला ती वीस सेकंदं मित्र मान वळवून भिंतीकडे बघत होता. मग हात सुकवायला त्याने दोन्ही पंजे समोर धरले.

"देवबाप्पा दिसतोयस," मैत्रीण म्हणाली. "आशीर्वाद दे, विषय सुटू दे, केटी लागायला नको."

तो हसला. दिवाळीपासून त्याला तसा हसताना मी बघितलं नव्हतं.

मी जर्नलमधली ओळ खोडली आणि व्हिडिओत दिसलं ते क्रमाने लिहिलं. मॅडमनी नंतर खाडाखोडीचा एक गुण कापला आणि त्याच पानावर बरोबरची खूणही केली.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं प्रयोगशाळा उघडायच्या आधी दाराशी उभे होतो. डिशच्या डाव्या भागात एकोणीस ठिपके होते. उजव्या भागात सात. मित्राने ते स्वतः मोजले, दोनदा.

"सात आहेत अजून," तो म्हणाला.

"शून्य कुणाचंच येत नाही," मॅडम म्हणाल्या. "माझंही नाही."

"मॅडम, लहान बाळाला सर्दी होते, ती यातल्या कुठल्या ठिपक्याने?"

"कुठल्याच नाही. ती विषाणूची. तो या डिशमध्ये वाढतच नाही."

"म्हणजे यातून ते कळणारच नव्हतं?"

"काय कळायचंय तुला?"

त्याने दोन वाक्यांत सांगितलं. मॅडमनी डिश खाली ठेवली.

"ते आता कुणालाच कळणार नाही. आज तुला सर्दी आहे?"

"नाही."

"ताप, खोकला?"

"नाही."

"मग उद्या हात धू आणि भरव. अंगठी आधी उकळून घ्यायला सांग घरी."

जिना उतरताना तो म्हणाला, "तुम्ही दोघी या उद्या." बोलावणं असं नव्हतं. सोबत मागितल्यासारखं होतं.

रविवारी अकराला आम्ही त्याच्या घरी पोचलो. दोन खोल्या, आत मोरी, मोरीच्या कडेला झाकण लावलेलं निळं पिंप. दहाबारा माणसं. चुलतभाऊ नवा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला होता, त्यालाही नक्की काही सांगितलेलं दिसत नव्हतं. मित्राच्या आईने आम्हाला पाणी दिलं आणि गॅसकडे वळली. गॅसवर एका छोट्या भांड्यात पाणी उकळत होतं आणि तळाशी तिची अंगठी होती.

मित्र मोरीत गेला. नळाला पाणी असण्याचा प्रश्न नव्हता, सात कधीच वाजून गेले होते. बहिणीने पिंपातून तांब्या भरला आणि त्याच्या हातांवर धार धरली. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात हात धुताना नळाला हात लावावाच लागत नाही. कोणीतरी पाणी घालतं, दुसरा हात धुतो. प्रयोगशाळेत आम्ही जे शनिवारपर्यंत शिकलो ते इथे रोज सातनंतर होत होतं.

"अजून घाल," तो म्हणाला.

"आंघोळ करतोयस का?"

"ताई."

"काय?"

"ऑक्टोबरात तिला माझ्यामुळे झालं ना?"

बहिणीचा हात थांबला नाही, धार तशीच पडत राहिली.

"मला तुझ्या आधी दोन दिवस घसा धरला होता," ती म्हणाली. "तोंडाला ओढणी बांधून पाजत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"सासूबाई आल्या होत्या ना तेव्हा. त्यांच्यासमोर कुठे बोलू? डॉक्टरांना सांगितलं मी. ते म्हणाले, सध्या घरोघरी आहे, कोणाकडून आलं ते शोधत बसू नका."

"मला सांगायचं होतंस."

"तू सापडायचास का? यायचास, बॅग टाकायचास, पळायचास. मला वाटलं, तुला पोरीचा कंटाळा आलाय." तिने तांब्या उपडा केला. "तोच राग होता मला. दुसरा नव्हता."

तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. मी टॉवेल पुढे केला. त्याने मान हलवून नको म्हटलं, हात हवेत धरले आणि कोपराने पडदा सारून बाहेर गेला.

पाटावर तो बसला. आईने चुलतभावाकडे बघितलंही नाही, नातीला सरळ मुलाच्या मांडीवर ठेवलं. मुलगी जाडजूड होती, डोक्यावर विरळ जावळ, आणि तिने मामाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. आईने चिमट्याने अंगठी काढली, निवू दिली, त्याच्या हातात दिली. त्याने खिरीत बुडवून ती तिच्या ओठांना लावली. मुलीने तोंड वाकडं केलं आणि सगळं हनुवटीवर आलं. कोणीतरी म्हणालं, साखर कमी झाली. दुसऱ्या वेळी तिने अंगठी हिरड्यांत धरली आणि सोडेना.

"घट्ट धर, घट्ट धर," मैत्रीण माझ्यामागून म्हणाली. "माझ्या मामासारखं करू नकोस."

त्याने अंगठी सोडवून घेतली, आईकडे दिली, आणि मग चमच्याने भरवलं. चार चमचे गेले. चुलतभाऊ उठून जेवणाची पानं मांडायला लागला, सुटल्यासारखा.

खीर संपल्यावर मुलीला घ्यायला तीनचार हात पुढे आले. त्याने दिली नाही. डाव्या हातावर घेऊन उभा राहिला. मैत्रीण सगळ्यांच्या मधून वाट काढत गेली आणि तिचा गाल ओढायला बोटं पुढे केली.

"हात धू आधी," तो म्हणाला.

"मी आत्ता घरातून आंघोळ करून आलेय रे."

"वाटेत बसचा दांडा धरलास की नाही?"

"धरला."

"मग."

ती मोरीत गेली आणि सवयीने नळाकडे वळली. नळ कोरडा होता. तो मागोमाग गेला, मुलीला डाव्या खांद्याशी नीट टेकवलं, उजव्या हाताने पिंपाचं झाकण बाजूला केलं आणि तांब्या भरून तिच्या हातांवर पाणी धरलं.

"वीस सेकंद," तो म्हणाला. "मी मोजतोय."